दाजींचा प्रवेश बंद

कुठेतरी पाणी मुरत होतं. दवाखान्याच्या वेबसाइटची नवी आवृत्ती सर्व्हरवर आपोआप चढली की रुग्णांना वेळेची आठवण करून देणारे मेसेज थोडा वेळ त्यांना जायचेच नाहीत. ते ऑफिसच्या चाचणीच्या इनबॉक्समध्ये येऊन पडायचे आणि मग अचानक सगळं सुरळीत. दर वेळी सर्व्हरच्या नोंदीत तिला एकच माणूस सेटिंगमध्ये शिरलेला दिसायचा: दाजी.

दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तिच्यामुळे सगळं ऑफिसच त्यांना दाजी म्हणायचं. त्यांनीच शब्द टाकून तिला इथे चिकटवलं, आणि टीमचं प्रमुखपद मिळालं मात्र तिला. तेव्हा ते मनापासून हसले होते. आता तिला ते हसूच खुपत होतं. डावललेला माणूस एवढा हसतो कशाला?

तिने खडा टाकून पाहिला. "दाजी, तुम्ही सेटिंगमध्ये काय बघत असता हो?"

"सवय गं," म्हणत त्यांनी विषय बदलला. "ताईला फोन कर, वाट बघते ती."

चोराच्या मनात चांदणं! तिने त्यांचा प्रवेश बंद केला आणि साहेबांना त्यांच्या तक्रारीचा मेल धाडला. ताईला फोन करायचं तिने टाळलं; रुग्णांशी खेळ म्हणजे फारच झालं.

दुपारी नवी आवृत्ती चढली. मेसेज पुन्हा चाचणीच्या इनबॉक्समध्ये पडू लागले, आणि या वेळी थांबेनात. दाजी तर आत नव्हतेच!

तिने आवृत्तीबरोबर जाणारी सेटिंगची फाईल उघडली. तिनेच लिहिलेली. त्यात मेसेज पाठवायचा पत्ता चाचणीचाच होता. खरा पत्ता तिने सुरुवातीला थेट सर्व्हरवर हाताने घातला होता. फाईलमध्ये घालायचा राहून गेला. दर वेळी ती फाईल खऱ्या पत्त्यावर बोळा फिरवायची आणि दाजी मागून येऊन निस्तरायचे. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर्व्हरवरचा पत्ता हाताने दुरुस्त करून ती दाजींच्या टेबलाशी गेली. "मला सांगितलं का नाहीत?"

"तुला वाटलं असतं, पद हुकलं म्हणून दाजी चुका काढतोय. आणि फाईल बदलायची तर साहेबांची मंजुरी लागते, म्हणजे बोभाटा. पण आज मला आत जाताच येईना. जरा बघतेस?"

तेवढ्यात साहेबांनी दारातून हाक मारली. "दाजी, जरा आत या."

दाजी उठले, तिच्याकडे वाकून हळूच म्हणाले, "त्या मेसेजचंच असणार. घाबरू नकोस, तुझं नाव नाही घेणार मी."