उभ्याने बांधलेला पट्टा

उमुओका गावातला ताडी काढणारा झाडावर चढायचा आपला कमरेचा दोर दुसऱ्याच्या हाती देत नाही, बायकोच्या तर नाहीच नाही. ओन्येबुचीने हा नियम तीस वर्षं पाळला. तरी पडला. दोर शाबूत होता. वाळकी झावळी धरली, तीच हातात आली. पाठीचा मणका मोडला. एनुगू शहरातल्या इस्पितळाने छातीपासून कमरेपर्यंतचा टणक पट्टा दिला आणि सांगितलं, तीन महिने घाला, मग झाडाचं बघू.

"मी बांधते," बायको उगोये म्हणाली. "झोपूनच बांधायचा, असं सांगितलंय."

"दोराला हात लावू नकोस."

"दोर कुठला? पट्टा आहे तो."

"कमरेला बांधतात ना? मग दोरच."

स्वारी मोठी हट्टी. रोज पहाटे ती पाण्याला गेली की तो खाटेची कड धरून उभा राहायचा, पट्टा आवळायचा आणि मागे रेलून दोन हिसके द्यायचा. चढण्याआधी दोर असाच तपासतात. पाठीतून कळ यायची. बरं होताना दुखणारच, असं त्याने ठरवून टाकलं होतं. त्याची झाडं इतरांनी वाटून घेतली तेव्हाही तो भिंतीवर टांगलेल्या दोराकडे बघत बसला. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे उजेडाला धरला. बराच वेळ धरला.

"दादा, पट्टा कसा बांधता, दाखवा बरं."

तो ऐटीत उभा राहिला. आवळला, रेलला, दोन हिसके.

"रोज असंच?"

"रोज. एक दिवस चुकलो नाही."

बाई खुर्चीत बसल्या. "हाड आणखी खचलंय. पट्ट्याशिवाय उठायचात, वर हे हिसके. आता आणखी तीन महिने पट्टा. आणि झाड कायमचं बंद."

"बरं," तो म्हणाला. जेवायला हाक मारल्यावर म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी उगोये पाण्याला गेली नाही. तो पडूनच होता.

"बांध," तो म्हणाला.

तिने त्याला हलकेच कुशीवर वळवून पट्टा सरकवला आणि बांधला. मग त्याने भिंतीकडे बोट केलं. "तोही काढ. बकरी बांधायला होईल."

"चिदेराचे बाबा, राहू दे की."

"काढ म्हणतो ना."

तीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्या दोराला हात लावला. ओन्येबुची बघत राहिला. त्याला काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच तेवढी भीती वाटली.