बकरीच्या गळ्यातला करदोडा

माझे घुंगरू काढून घेतले, तेव्हापासून मी फार बोलायला लागलोय. मी एक करदोडा, चांदीचा. पांढुर्ण्याच्या पुंडलिकराव किराणावाल्यांचा मुलगा मुकुंद, त्याच्या कमरेचा. आलाच आहात तर बसा घडीभर. दुकानदाराच्या घरात वाढलोय मी, बसलेल्या माणसाला गोष्ट सांगितल्याशिवाय उठू देत नाही.

माझा जन्म सौसरच्या एका सोनाराकडे झाला. मुकुंदाच्या आईनं, विजयमालेनं, माहेरचे गोठ मोडून मला घडवलं. सोनार म्हणाला, "दोनचार घुंगरू लावून देतो बाई, शोभतील."

"शोभेसाठी नाही भाऊ, आयकाले पाह्यजे. गच्च लावा."

त्याला कारण होतं. तिचं पहिलं मूल तापानं गेलं होतं. म्हणून मुकुंद पाऊल टाकायला लागला तसं तिनं मला त्याच्या कमरेला अडकवलं. ती चुलीपाशी, तो अंगणात. मी छुमछुम वाजत राहिलो की तिचा जीव थाऱ्यावर. मी थांबलो की भाकर तव्यावर सोडून ती दारात हजर.

खरं सांगू? मला त्याची मोठी ऐट होती. दुकानात काट्याशिवाय पान हलत नाही, तसं घरात माझ्याशिवाय मुकुंद कुठं आहे ते कुणाला कळत नसे. तो माझा होता.

मुकुंद पाच-सहा वर्षांचा झाला, आणि शेजारच्या शकुबाईची उषा आमच्या आयुष्यात आली. नऊ वर्षांची, दोन वेण्या, गल्लीतल्या सगळ्या पोट्ट्यांची म्होरकी. लपाछपी सुरू झाली की मुकुंद कणगीमागं लपायचा, श्वास रोखायचा. पण मी कसला गप्प बसतो! सगळ्यांत आधी सापडायचा तो मुकुंदच.

"अबे, तू लपून राहिला का टांगा जुपून राहिला?" उषा हसायची. एक दिवस तिनं निकालच दिला, "याले खेळात घेऊच नका. आपण नदीवर जाऊ."

पोरं गेली. मुकुंद अंगणातच उभा राहिला. त्यानं मान खाली घालून माझ्याकडे पाहिलं, आणि तसं मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. घुंगरांत त्यानं कापूस कोंबून पाहिला, पण आवाज थांबताच विजयमाला धावत आली. "काय झालं रे राजा? पडला का?"

तोड शेवटी उषानंच काढली. तिनं माझा आकडा सोडला आणि शकुबाईच्या बकरीचं पिल्लू अंगणातल्या खुंटाला बांधलेलं होतं, त्याच्या गळ्यात मला अडकवलं. मुकुंद पळायला निघाला तर तिनं त्याची बंडी धरली. "थांब बे! उघड्या कमरेनं जाते का कोनी? बाप मेल्यावर तोडतेत करदोडा." आपल्या वेणीच्या गोंड्यातला काळा दोरा तिनं उपसला आणि त्याच्या कमरेला बांधला.

पिल्लू उड्या मारायचं, मी वाजायचो. आतून विजयमाला म्हणायची, "मुकुंदा, दूर नको जाऊ रे!" पिल्लू म्हणायचं, "में." तेवढं तळणाच्या आवाजात तिला कुठं ऐकू येणार!

दिवे लागायच्या आत पोरं परतायची आणि मी पुन्हा कमरेवर जायचो. तिथं तो दोरा आधीच बसलेला असायचा, ओला, वाळूनं माखलेला, कधी कुसळ अडकलेलं. मुकुंदाच्या अंगाला नदीचा, चोरून सोललेल्या संत्र्याचा वास. जीव नुसता जळायचा माझा. मी अस्सल चांदी. मला सोनारानं फुंकून फुंकून घडवलं. आणि हा गोंड्यातला दोरा, ज्याला कुणी चिंध्यांतसुद्धा जपून ठेवणार नाही, तो जाम नदी पाहून येतो! मी विचारायचो, "कशी आहे रे नदी?" तो एक शब्द बोलत नसे. दोऱ्याला कसला आवाज! त्या मुकेपणाचाच तर मुकुंदाला लळा.

मग छप्पन साली राज्यं नव्यानं वाटली गेली तो दिवस आला. दिवाळी तोंडावर, दुकानात रवा-गुळाची गर्दी, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. नागपूर गेलं मुंबईकडे, आपण राह्यलो मध्यप्रदेशात. विजयमालेचं माहेर नरखेडचं. पुंडलिकराव जेवायला आले तर ती म्हणाली, "अहो, आजपासून माह्यं माहेर दुसऱ्या राज्यात गेलं."

"कागदावर रेघ मारली अवं, नरखेडची गाडी थोडीच बंद झाली?" हात धुऊन ते दुकानात परतले.

ती तशीच बसून राहिली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, करंजी हातात घेऊन ती दारात आली. "मुकुंदा, ये रे, खा गरम गरम." मी वाजलो. करंजीकडे धावलं ते पिल्लू, गळ्यात मी, आणि मुकुंद कुठंच नाही.

तिची हाक शकुबाईनं वाड्याच्या कुंपणापलीकडून ऐकली. "अवं, पोट्टे नदीवर गेले असतीन. रोजच तं जातेत."

"रोज? अन् तुम्ही पाहून राहिल्या? माह्यं एकच पोरगं हाय, शकुबाई!"

"ताप काय नदीतून आला होता का माय?" शकुबाई हळूच म्हणाली. "तो तं घरातच आला होता. तुह्या मांडीवर."

विजयमालेनं मला पिल्लाच्या गळ्यातून काढलं, मुठीत धरलं आणि ती पळत सुटली.

जाम नदी मी अशी पाहिली, तिच्या बोटांच्या फटीतून. पाणी घोट्याएवढं. पलीकडे सावरगाव. मधे पोरांची रांग, हाताला हात. शेवटी मुकुंद. विजयमाला पळसाआड थबकली.

तेवढ्यात मुकुंद धोंड्यावरून घसरला. गुडघा फुटला. घरी एवढ्यावर त्यानं सारी गल्ली डोक्यावर घेतली असती. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मांडीवर घेणारं कुणीच नव्हतं. मग त्यानं चिखल घेऊन गुडघ्याला थापला आणि ओरडला, "थांबा वो, मी येऊन राहिलो!"

विजयमालेनं हाक मारायला तोंड उघडलं होतं. माझी वेळ आली होती. मी एकदा वाजलो असतो तर त्यानं वळून पाहिलंच असतं. तिचा हात वर गेला, मी वाजणारच होतो. आणि तिनं मूठ आवळली. इतकी घट्ट, की घुंगरांचे वण तिच्या तळव्यावर उठले.

घरी येऊन तिनं मला मुकाट्यानं पिल्लाच्या गळ्यात परत बांधलं. चुलीपाशी बसली आणि नेहमीसारखी म्हणाली, "मुकुंदा, दूर नको जाऊ रे." पण डोळे दाराकडेच होते. ती करंजी तिनं पिल्लालाच देऊन टाकली होती.

दिवाळी झाल्यावर ती मला सौसरला त्याच सोनाराकडे घेऊन गेली. "घुंगरू काढून टाका."

"काहून बाई? वाजत नव्हता का?"

"लई वाजत होता."

घरी येऊन तिनं मुकुंदाची बंडी वर केली. काळा दोरा दिसला, विटलेला, सैल. उषा दारात चोरासारखी उभी. "हा कोनं बांधला?"

"मी, काकू. कंबर उघडी होती त्याची."

विजयमालेनं तिच्याकडे पाहिलं. मग दोरा ओढून पाहिला. "गाठ ढिली हाय पोरी." आणि ती गाठ तिनं स्वतःच्या हातानं पुन्हा मारली. मला त्याच्यावर अडकवून म्हणाली, "जा. दिवे लागायच्या आत या."

आता मी रोज नदीवर जातो. पाण्यात भिजतो, काळा पडतोय. आयांनो, मुलांच्या अंगावर चांदी घाला, हौस करा. पण तिला घुंगरू लावू नका. तुम्हाला ऐकू यावं म्हणून मूल जन्माला येत नाही. एवढंच सांगायचं होतं.

हेवा संपला का, म्हणता? गिऱ्हाइकाशी खोटं कशाला बोलू. नदी मला मिळाली, मुकुंदही मिळाला. पण मला तिनं नुसतं आकड्यानं अडकवलं. गाठ मारली ती त्या दोऱ्याला.