वेणू गाडीतून उतरते

"आत्या, ही तर वापस येते!" मृणालने पुस्तक माझ्या पुढ्यातल्या मेथीवरच टाकले.

"कोण वापस येते?"

"तुझी वेणू! शिट्टी होते, गाडी हलायला लागते, आणि ही बॅग घेऊन खाली. मतलब, तुलापण पप्पांसारखंच वाटतं ना, मी जाऊ नये? मग सीधं सांगायचं. एवढी दोनशे पानं कशाला वाचायला लावलीस? मी टिकट कॅन्सल करते."

ती तणतणत माडीवर गेली. मला तिचाच राग आला. बनारसला वाढलेली आमची मुले मराठी वाचतात म्हणजे निम्मे शब्द गाळूनच वाचतात. 'वेणू निघाली' मी तेराव्या वर्षी वाचली होती. बालाजी घाटाजवळच्या आमच्या मराठी वाचनालयात एकच प्रत होती, आणि तिच्यासाठी आम्ही मुली एकमेकींच्या झिंज्या उपटायच्याच काय त्या बाकी ठेवायचो. वेणू घरच्यांना न जुमानता शिकायला मुंबईला जाते. अहो, नावातच निघाली म्हटलेय! परवा वाचनालयाने जुनी पुस्तके काढून टाकली, तेव्हा मी ती प्रत उचलून आणली आणि उघडूनही न बघता भाचीला दिली.

कारण मृणालला पुण्याला नोकरी लागली होती आणि पोरगी डगमगत होती. वहिनी गेल्यापासून घरात आम्ही तिघेच. माझा धाकटा भाऊ बिंदुमाधव पंचगंगा घाटावर पौरोहित्य करतो. तो तोंडाने "जा" म्हणत होता, पण पानावरून अर्धवट उठत होता. तिला जरा बळ यावे म्हणून मी वेणूला बोलावले, तर ही पोरगी भलतेच वाचून बसली.

मेथी तशीच ठेवून मी चष्मा लावला. काय ते पुस्तक! दर दुसऱ्या पानावर वेणूचे डोळे पाणावतात. तिचा भाऊ इतका सालस की त्याला एक ठेवून द्यावीशी वाटते. तेराव्या वर्षी हे सगळे मला गोड कसे लागले कोण जाणे. आणि शेवटच्या प्रकरणात आई फलाटावर येते. नुसता पदर डोळ्याला लावते. वेणू खिडकीतून बघते आणि उतरते.

मृणालने एक शब्दही गाळला नव्हता.

मी पुस्तक आपटले. मलाही एकदा नागपूरला शाळेत नोकरी मिळाली होती. बाबा पोचवायला स्टेशनवर आले. नुसते बघत राहिले. मी उतरले. पुढे इथल्याच पोस्टात, तिकिटांच्या खिडकीमागे जन्म गेला. आणि जन्मभर मी स्वतःला बोल लावत आले, की वेणूची हिंमत तुझ्यात नव्हती. अगं वेणू, सटवे, तूही उतरलीसच की! माझ्याच मनाने कधीतरी तुला परस्पर मुंबईला पोचवले होते.

"मृणाल!" मी जिन्यातून ओरडले. "कॅन्सल केलंस?"

"नेट चालत नाहीये."

"नशीब माझं. करू नकोस."

"पण तुझी वेणू तर..."

"वेणू गेली खड्ड्यात! मूर्ख होती. मीही मूर्ख होते. तू जायचंस."

"आणि पप्पा?"

"पप्पांना मी बघते."

निघायच्या दिवशी बिंदुमाधवने तिच्या हातावर दही घातले. मग त्याने शाल घेतली, चपला चढवल्या. मी दारात आडवी उभी राहिले.

"तू स्टेशनवर यायचं नाहीस."

"ताई, बाप आहे मी तिचा!"

"म्हणूनच. इथे रड हवं तेवढं. फलाटावर नाही."

तो मटकन उंबऱ्यावर बसला आणि खरेच रडायला लागला. मी बॅग ओढत गल्लीला लागले. मृणाल दोनदा मागे वळली. दोन्ही वेळा मी तिला पुढे ढकलले.

मैदागिनच्या चौकात रिक्षा मिळाली. बॅग आत गेली, ती बसली.

"आत्या, स्टेशनपर्यंत तरी चल ना."

"गुडघे दुखतात गं."

गुडघे ठणठणीत होते. पण माझा चेहरा थेट बाबांचा आहे, सगळेच म्हणतात. ही आता वळून बघणार हे मला ठाऊक होते. मी झटकन पाठ फिरवली आणि समोरच्या भाजीच्या ठेल्याशी जाऊन उभी राहिले.

"मूली कैसे दिए, भैया?"

"आत्या!" मागून हाक आली. मी एक मुळा उचलून त्याची पाने उलटसुलट करत राहिले.

"एकदम ताजी है, माताजी."

"वो रिक्शावाली लड़की गई क्या?"

त्याने माझ्या खांद्यावरून पाहिले. "नहीं, इधर ही देख रही है."

मी दुसरा मुळा उचलला. तोही ताजाच होता. मी तो खाली ठेवला आणि तिसरा उचलला.

"गई, माताजी," तो हळूच म्हणाला.

तेव्हा कुठे मी वळले.