सयाजीकाकांनी काय दाबलं?

वर्षाराणी शाहूपुरीत पोचली तेव्हा जिनेश शेट्यांच्या दुकानात पायरीपर्यंत गिऱ्हाइकं उभी होती. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात होता आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या त्या दुकानात सकाळपासून एकही बिल निघालं नव्हतं. गडमुडशिंगीचा एक ड्रायव्हर तेलानं माखलेलं बेअरिंग काउंटरवर आपटून ओरडत होता, "भरलेली ट्रॉली रस्त्यात हुबी हाय राव! बिल ऱ्हाऊ दे, माल द्या की!"

पण कुठला माल वरच्या गोडाऊनच्या कुठल्या रॅकमध्ये आहे, हे कॉम्प्युटरच सांगायचा, आणि तो गप्प होता.

दुकानात तीन कॉम्प्युटर होते. आतल्या केबिनमधल्या मशिनवर एका फोल्डरमध्ये साऱ्या साठ्याची माहिती होती. बाहेरच्या दोन काउंटरवरून ते जुनं सॉफ्टवेअर केबलीतून तोच फोल्डर उघडायचं. ज्यानं ते लिहून दिलं त्यानं धंदा कधीच बंद केला होता. "चालतंय की," एवढंच जिनेश म्हणायचा आणि नवं घेणं टाळायचा. दिवाळीनंतर विंडोज अपडेट झालं आणि बिनपासवर्डचा फोल्डर उघडायला मशिनच तयार होईना. तेव्हा वर्षाराणीनं केबिनमधल्या मशिनवर काउंटरसाठी वेगळं खातं काढलं होतं, त्याला पासवर्ड घातला होता आणि तो दोन्ही काउंटरवर साठवून ठेवला होता. त्याला जेमतेम दीड महिना झाला होता.

"या मॅडम," जिनेश सगळ्यांच्या देखत म्हणाला. "तुमी केलेलं टिकलं न्हाई. आता दुसरं माणूस बगू काय?"

ते वर्षाराणीला झोंबलं. बाई कॉम्प्युटर दुरुस्त करते म्हटल्यावर मागं 'साहेब कुठायत?' असं विचारणारी गिऱ्हाइकं तिनं वर्षानुवर्षं झेलली होती. तिनं बॅग ठेवली आणि थेट पहिल्या काउंटरवर गेली. तिथं सयाजीकाका बसायचे. साठीला टेकलेला माणूस. हे सॉफ्टवेअर दुकानात आलं त्या दिवसापासून ते त्याच खुर्चीवर होते.

"काय झालं काका?"

"सकाळी चालू केलं, तर एक खोकं आलं. पासवर्ड मागाय लागलं. तुमी दिलेला घातला, घेईना. परत घातला, परत घेईना. म्हटलं अक्षर चुकलं आसंल, म्हणून जरा इकडं-तिकडं दाबून बगितलं."

"इकडं-तिकडं म्हणजे?"

"आता ते कसं सांगू?" काका ओशाळून हसले.

स्क्रीनवर एक संदेश होता, दोन ओळींचा. पहिली ओळ वाचून वर्षाराणीनं तो बंद केला. पलीकडच्या काउंटरवरून भाग्यश्री म्हणाली, "मॅडम, माझं पण बंदच आहे. मी तर हातसुद्धा लावला नाही."

हे वर्षाराणीनं ऐकलं. ऐकूनही सोडून दिलं. मागं जिनेश कमरेवर हात ठेवून उभा होता, ड्रायव्हर बघत होता. ती जरा मोठ्यानंच म्हणाली, "माझ्या सेटिंगचा काही दोष नाही शेट. पासवर्डशी कुणीतरी खेळलंय. माहीत नसताना हात लावला की असंच होतं."

जिनेशला तेवढं पुरलं. "सयाजीराव, कितींदा सांगितलंय, कळत न्हाई तितं बोटं घालू नका! उद्यापास्नं वर गोडाऊनला जावा. हितं वरच्या पोराला, यशराजला बसवतो."

गिऱ्हाइकांतलं कुणीतरी हसलं. काकांनी चष्मा काढला, खिशात ठेवला, आणि नुसतं "व्हय" म्हणून खुर्चीवरून उठले.

वर्षाराणी केबिनमध्ये जाऊन बसली. तिनं ते खातं उघडलं. खात्याच्या पासवर्डची मुदत संपली होती. 'पासवर्ड कधीच संपू नये' असा एक चौकोन तिथं असतो. खातं काढताना त्यावर टिक करायची असते. ती टिक नव्हती. तिचीच राहिली होती. म्हणूनच काकांनी हात लावला नाही तो काउंटरही बंद पडला होता. मघाच्या संदेशाची दुसरी ओळही बहुतेक हेच सांगत होती, जी तिनं वाचली नव्हती.

तिनं टिक केली, पासवर्ड नव्यानं घातला. बाहेरून भाग्यश्रीचा आवाज आला, "आलं, आलं! चालू झालं!"

केबिनचं दार उघडंच होतं. तिथूनच सांगता आलं असतं. पण जिनेशनं चहा मागवला, ड्रायव्हरला बेअरिंग मिळालं, आणि जिनेश म्हणाला, "मानलं मॅडम तुमाला. बघता बघता काढलासा की!" वर्षाराणीनं चहा घेतला. कप तोंडाशी असताना काका जिन्यावरून वर जाताना तिला दिसले. त्यांच्या हातात डबा होता. खुर्चीवरची पातळ उशीही त्यांनी काखेत घेतली होती.

त्यानंतर तिनं स्वतःला पुष्कळ समजावलं. काकांचं वय झालंय, कधी ना कधी यशराज बसणारच होता. पगार तर तोच आहे. वर बसून माल काढून द्यायचा, त्यात कसला कमीपणा? गाडी चालवताना ती हे सगळं मनात घोळवायची आणि सिग्नलला थांबली की त्यातलं काहीच तिला पटायचं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं असंच खातं काढायची वेळ आली तेव्हा ती टिक करताना तिचा हात थबकला. बाजूला उभ्या असलेल्या माणसानं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही."

दोनदा ती शेट्यांच्या दुकानासमोरून गेली. दोन्ही वेळा दुकान भरलेलं होतं, आणि तेवढं कारण तिला पुरलं.

मग गोडाऊनमध्ये स्कॅनर बसवायला जिनेशनं तिला बोलावलं. वर सायलेन्सरच्या खोक्यांमध्ये काका स्टुलावर बसले होते. तिला बघून उठले, स्टूल पुढं सरकवलं. ती काम करायला लागली. मग खाली कुणी ऐकत नाही ना हे बघून म्हणाले,

"मॅडम, एक इचारू? रागवू नका."

"विचारा की काका."

"त्या दिवशी मी नेमकं काय दाबलं व्हतं?"

वर्षाराणीनं हातातली केबल खाली ठेवली.

"मला आठवंना," काका म्हणाले. "लई आठवून बगितलं. पासवर्ड घातल्याचं आठवतंय, पुढचं न्हाई. माझ्या आईला असंच झालतं. आदी किल्ल्या कुटं ठेवल्या ते इसरायची. मग माणसं इसरली. शेवटी मलाच म्हणायची, पावणं, कुटनं आलासा? म्हणून भ्या वाटतंय. तुमी सांगितलासा तर कळंल तरी, कितपत गेलंय डोस्कं."

वर्षाराणी खाली बसली, खोक्यावरच.

"काका, तुमच्या दाबण्यानं काहीच झालं नव्हतं."

"आसं कसं? तुमीच म्हणालासा..."

"मी खोटं बोलले. म्हणजे बोलले तेव्हा मला माहीत नव्हतं. पण केबिनमध्ये गेल्यावर कळलं. चूक माझी होती. मी त्या खात्याची मुदत काढायची विसरले होते. तुम्ही त्या दिवशी आला नसता तरी ते बंदच पडलं असतं."

काका तिच्याकडं बघत राहिले. त्यांना ते सगळं कळलं की नाही, तिला समजेना.

"म्हंजे माझ्या डोस्क्याला काय झालेलं न्हाई?"

"नाही काका."

"लगीच कळलतं तुमाला? त्याच दिवशी?"

"हो."

काकांनी मान हलवली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"दुसऱ्या दिवशी जरी सांगितलं असतासा तरी चाललं असतं," ते म्हणाले. "मी दवाखान्यात जाऊन आलो. पोरगं सुट्टी काढून घेऊन गेलतं. डॉक्टरनं चित्रं दाखवून नावं इचारली. कागदावर घड्याळाचं चित्र काढाय लावलं. घरात बायकू आता गॅसपाशी जाऊ देत न्हाई मला."

वर्षाराणी जिना उतरून खाली आली. काउंटरवर पाच-सहा गिऱ्हाइकं होती. गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबावं असं तिला वाटलं, आणि मग आठवलं की त्या दिवशी कुणी थांबलं नव्हतं. ती स्वतःही नाही.

"जिनेशशेट, मला बोलायचंय. मागच्या वेळी फोल्डर बंद पडला तो माझ्या चुकीनं. सयाजीकाकांनी काहीही केलं नव्हतं. मला त्याच दिवशी समजलं होतं आणि मी सांगितलं नाही."

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. भाग्यश्रीनं टायपिंग थांबवलं.

जिनेश हसला. "हात्तिच्या! एवढंच व्हय? चुका व्हत्यात की मॅडम. तुमी कशाला मनाला लावून घेतासा? चालू झालं न्हवं? झालं तर मग."

तिनं बरंच काय काय ऐकायची तयारी केली होती. दुकानाचं काम जाईल, तो तिच्यावर ओरडेल. पण काकांना ज्या तोंडानं वर पाठवलं होतं, त्याच तोंडानं तो तिला इतक्या सहज माफ करत होता, की तिला तिथं उभं राहवेना.

"माझं जाऊ दे," ती म्हणाली. "काकांना खाली बोलवा."

जिनेशनं जिन्याकडं तोंड करून हाक मारली, "ओ सयाजीराव! या खाली, तुमचा काउंटर घ्या!" त्यापुढं तो काही बोलला नाही. यशराज खुर्चीवरून उठला. काका उतरले, बसले, चष्मा लावला आणि समोरच्या माणसाला म्हणाले, "बोला पावणं, काय पायजेल?"

संध्याकाळी वर्षाराणी त्यांच्या घरी गेली. पाचगावच्या रस्त्याला दोन खोल्यांचं घर होतं. काकांच्या बायकोनं तिला पाणी दिलं, तिचं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "बरं झालं सांगितलासा. पोरालाबी फोन करून सांगा, माझ्यावर त्येचा इश्वास बसायचा न्हाई." वर्षाराणीनं तिथल्या तिथं त्यांच्या मुलाला फोन लावला आणि चौथ्यांदा तेच सांगितलं. सोपं काही झालं नाही.

काका आता काउंटरवर असतात. काम पूर्वीसारखंच करतात, असं भाग्यश्री सांगते. पण दर दोन-चार दिवसांनी वर्षाराणीचा फोन वाजतो.

"मॅडम, सयाजी बोलतोय. प्रिंटरमधी कागद आडकलाय. ओढून काढू काय? का तुमी येतासा?"

असले कागद त्यांनी आजवर शेकड्यांनी ओढून काढलेले असणार.

"काढा की काका. काही होत नाही."

"नक्की न्हवं? मागनं काय झालं तर..."

"काही झालं तर माझ्यावर घाला," ती म्हणते. ते "बरं" म्हणतात, पण फोन ठेवत नाहीत. तीही ठेवत नाही. पलीकडून कागद निघाल्याचा आवाज येईपर्यंत ती गाडी बाजूला घेऊन थांबते.