खऱ्या औषधाचा ताप

परळला आमच्या डायलिसिस वॉर्डाबाहेर एक लाकडी बाक आहे. पेशंटांची माणसं त्यावर बसून जेवढं वैद्यकशास्त्र शिकवतात, तेवढं मला कॉलेजातही कुणी शिकवलं नाही. त्या बाकावर माझा राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही.

मॉरिस माझगावचा, माथारपाखाडीच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला. गोदीत फिटर होता, किडन्या गेल्यावर घरी बसला. दर मंगळवारी आणि शनिवारी मानेत बसवलेल्या नळीतून त्याचं रक्त मशीनवर साफ व्हायचं. त्याच्या बायकोची, ॲन्टोनेटची, किडनी त्याला जुळली होती आणि ती द्यायला बाई एका पायावर तयार होती. घोडं अडलं होतं ते काविळीच्या लशीपाशी. नवी किडनी बसवली की शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवावी लागते. तेव्हा बी प्रकारच्या काविळीच्या विषाणूने गाठलं, तर काही खरं नाही. म्हणून सर्जनचा हट्ट होता, आधी लस अंगी लागू दे, मग ऑपरेशन. आणि मॉरिसला लस लागतच नव्हती. दोनदा पूर्ण कोर्स झाला, रक्तात अँटिबॉडीचा पत्ता नाही.

"माझं रक्त पण युनियनवालं हाय डॉक्टर," तो म्हणायचा. "बोलावलं तरी कामावर येत नाय."

किडनीच्या रुग्णांत हे नेहमीचंच. लस विषाणूची ओळख करून देते, पण ज्या पेशींनी उठून कामाला लागायचं त्या पेंगत असतात. त्यांना उठवायला शरीर स्वतःच काही प्रथिनं बनवतं. एका पेशीने दुसऱ्या पेशींना मारलेली ती हाक असते, चाळीत कुणी गॅलरीत येऊन "धावा रे" ओरडावं तशी. मॉरिससारख्यांच्या अंगात ही हाक क्षीण पडते. तेच प्रथिन बाहेरून टोचून मग लस द्यायची, असा आमचा प्रयोग होता. निम्म्या पेशंटांना प्रथिन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं ते बंद पाकिटात. पेशंटलाही ठाऊक नाही आणि प्रयोग चालवणाऱ्या मलाही नाही.

मी नवराबायकोला समोर बसवून सगळं समजावलं. या इंजेक्शनाने थोडा ताप येऊ शकतो, आला तर लगेच फोन करा, हे दोनदा बजावलं. दोघांनी माना डोलावल्या, सह्या केल्या आणि बाहेर बाकावर जाऊन बसली.

बाकावर लालबागचे बुधाजी होते. प्रयोगात त्यांना इंजेक्शननंतर सणसणून ताप भरला होता आणि पुढे लसही लागली होती. आणखी एकाला ना ताप आला, ना लस लागली. झालं! एवढ्यावर बाकाने निकाल देऊन टाकला. ताप आला तर खरं औषध, नाही आला तर पाणी. मी केबिनमधून ऐकत होते. बाहेर येऊन म्हटलंही, "बुधाजी, असं काही नसतं हं." बुधाजी हसले आणि माझी पाठ वळताच ॲन्टोनेटला म्हणाले, "बाय, ताप येवंदे म्हणान देवाक सांग."

तिने सांगितलं असणार. पाखाडीतल्या क्रॉसपुढे मेणबत्तीही लावली असणार.

मंगळवारी मॉरिसला इंजेक्शन दिलं. गुरुवारी आमच्या वॉर्डातल्या नर्सने, प्रितीने, चौकशीचा फोन केला, तेव्हा ॲन्टोनेट म्हणाली, "ऑल ओके. ताप नाय, काय नाय." प्रितीला ते खरं वाटलं. न वाटायला कारणच नव्हतं.

शनिवारी सकाळी त्यांची टॅक्सी दाराशी लागली. ॲन्टोनेट आधी उतरली, हातात भलामोठा डबा. डब्यात फुगे होते, त्यांच्याकडे लग्नाकार्याला मैद्याचे तळतात ते. सगळ्या वॉर्डाला वाटायला आणले होते.

"डॉक्टर, ताप आला!" ती लांबूनच ओरडली. "बुधवारपासून हाय, उतरतच नाय. मॉरिसला खरं औषध मिळालं!"

मॉरिस टॅक्सीत गोधडी गुंडाळून कुडकुडत होता. मला बघून त्याने हसायचा प्रयत्न केला. आत नेऊन मी त्याच्या मानेवरची पट्टी सोडवली. नळीभोवतीची कातडी लालभडक झाली होती आणि खालून पू येत होता. ताप नळीतून रक्तात शिरलेल्या जंतूंचा होता.

मी तिच्यावर खेकसले. भर वॉर्डात, सगळ्यांदेखत. "प्रितीने फोन केला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमी ताप उतरवला असता," ती म्हणाली. डबा अजून तिच्या हातातच होता आणि माझा चेहरा बघून तिचं हसू हळूहळू उतरत गेलं.

अँटिबायोटिक्स दिली, आयसीयूत हलवलं, जे जे करता येतं ते केलं. सोमवारी दुपारी मॉरिस गेला. बुधाजी बाकावर बसून लहान मुलासारखे रडले.

प्रयोगात माणूस दगावला की प्रयोगावर देखरेख करणारी समिती त्याचं पाकीट उघडते. मॉरिसचं उघडलं. त्याला मिठाचं पाणी मिळालं होतं.

मॉरिसच्या नावाने चर्चमध्ये महिन्याचा मिस्सा झाल्यावर ॲन्टोनेट मला भेटायला आली, काळ्या कपड्यांत, एकटीच. खुर्चीच्या काठावर बसली.

"डॉक्टर, एकच विचारते. ते खरं औषध होतं ना?"

हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. जन्मात एवढा मोह मला कशाचा झाला नसेल. पण पुढेमागे समितीचं पत्र तिच्या घरी जाणार होतं आणि हे तिला कागदावरून कळणं मला सहन झालं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "पाणी होतं."

तिने मान हलवली. रडली नाही. हातातल्या रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"शुक्रवारी त्याने क्रोसिन मागितली," ती म्हणाली. "दोनदा मागितली. अंग फार दुखत होतं. मी नाय दिली. वाटलं, ताप मेला तर औषध पण मरेल. त्याला बोल्ले, मॉरिस, अजून थोडं सोस, मग माझी किडनी घे आणि मजा कर. तो बोल्ला, ओके."

मी उठून तिच्याजवळ गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ॲन्टोनेट, जंतू रक्तात गेले होते. क्रोसिनने काही फरक पडला नसता."

"पडला असता डॉक्टर," ती म्हणाली. "त्याला झोप लागली असती."