हरलेल्या लढाईचा सेनापती

इतिहासाचा तास आला की अंथुर्ण्याच्या शाळेतली आठवीची पोरं जांभया द्यायची. लढाईचं साल तोंडपाठ, लढणारा माणूस मात्र अनोळखी! हे दुखणं तुमच्या-आमच्या घरातलंच. लखन सरांनी त्यावर उपाय काढला: दर शनिवारी प्रोजेक्टरवर ऐतिहासिक सिनेमा.

त्या शनिवारी पडद्यावरचा सेनापती लढाई हरून राजापुढं उभा राहिला. "माणसं शूर होती. चूक माझी," एवढंच बोलला. सरांनी सिनेमा तिथंच थांबवला. "पोरांनो, याला म्हणतात नेतृत्व!" वर्गप्रमुख सोनलनं सेनापतीचं 'चूक माझी' हे वाक्य वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. तिच्या लेखी सर म्हणजेच तो सेनापती.

"सोमवारी ऊस आणा," सर तिला म्हणाले, "तलवारी करून लढाई उभी करू." सोनलनं घरोघर निरोप दिला. हंगाम चालू, उसाला काय तोटा! सोमवारी वर्गात अशी लढाई जुंपली की एक ऊस थेट पडद्यात घुसला आणि पडदा मधोमध फाटला.

मुख्याध्यापक आबासाहेब धावत आले. "वर्गात ऊस आणायला कुणी सांगितलं?"

सोनलनं सरांकडं पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"मला कल्पना नाही," ते म्हणाले. "निरोप सोनलनं दिला होता."

सोनलचं वर्गप्रमुखपद तिथल्या तिथं गेलं. पदाचं काही नाही हो, पण ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्यानंच तोंडावर खोटं बोलावं! तिनं वहीतलं ते वाक्य कागद फाटेस्तोवर खोडलं आणि खिचडीच्या खोलीमागं जाऊन हमसून हमसून रडली. खिचडी शिजवणाऱ्या सिंधुबाईनं तिच्याकडून सगळी हकिगत काढून घेतली.

मुलांच्या आधी शिक्षकानं खिचडीची चव घ्यायची, हा शाळेचा नेम. लखन सर आले. सिंधुबाईनं ताटली पुढं केली.

"सर, खिचडी करपली तर मी काय म्हनते?"

"माझ्या हातून करपली, म्हणता."

"व्हय. तांदूळ निवडनाऱ्या पोरींवर न्हाय ढकलत. पिच्चरमधला सेनापती पोरं दोन तास बघत्यात, तुमाला वरीसभर बघत्यात. मग कुणाचं शिकायचं त्यांनी?"

"भीती वाटली हो, मावशी."

"भ्या समद्यांलाच वाटतं. पर तुमच्या भ्यापायी ती पोर का भरडायची?"

सरांनी ताटली खाली ठेवली. दाराशी सोनल उभी होती. सरांना तिच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला सर सगळ्या शाळेपुढं उभे राहिले. "ऊस मी आणायला सांगितला आणि सोनलवर ढकलून मोकळा झालो. चूक माझी!" आबासाहेबांनी सोनलला तिचं पद परत दिलं.

पुढच्या शनिवारी सिनेमा भिंतीवर लागला. सोनलनं खोडलेलं वाक्य नव्या पानावर पुन्हा लिहिलं. रेघा मात्र ओढल्या नाहीत.

वाचकहो, पोरांना रणांगणावरचे शूर जरूर दाखवा. पण सिनेमा संपला की ती मान वळवून आपल्याकडं बघतात. त्या वाक्याखाली रेघा ओढायच्या की नाही, हे ती तेव्हाच ठरवतात.