इगामीच्या नावाच्या अक्षता

श्रावणातला शुक्रवार होता. जिवतीच्या चित्राला गंध-फूल वाहून साधना चारी दिशांना अक्षता टाकत होती. घरातलं, माहेरचं, भावकीतलं एकेक लेकरू आठवायचं, त्याचं नाव घ्यायचं आणि ते असेल त्या दिशेला चिमूटभर अक्षता टाकायच्या, ही तिच्या सासूची रीत. ओठांतल्या ओठांत नावं सरत आली आणि शेवटच्या चिमटीला तिच्या तोंडून निघालं, "इगामी."

मागे केस विंचरत बसलेली सपना फणी खाली ठेवून हसत सुटली.

"आई, तू व्हिलनच्या नावानं अक्षता टाकल्या?"

टाकलेल्या अक्षता परत उचलता येत नाहीत. साधनाला वाटलं, देवासमोर आपण कुणा परक्याला घरात घेऊन आलो.

इगामी म्हणजे सपनाच्या मोबाईलमधल्या जपानी कार्टूनमधला माणूस. सपना नांदेडला नर्सिंग शिकत होती आणि सुट्टीला घरी शिरडला आली की रोज सांजेला ते लावायची, हिंदीत. साधना शेजारी वाती वळत बसायची. कार्टून म्हटलं की सपना चिडायची. ॲनिमे म्हणायचं, मोठ्या माणसांसाठी असतं ते. गोष्ट साधी होती. हारू नावाचा पोरगा एका मोठ्या धरणाची राखण करतो आणि इगामी ते धरण फोडायला निघालेला. फुटलं तर खालची सगळी वस्ती वाहून जाणार. इगामीचा चेहरा दिसला की साधना रामनाम घ्यायची.

आणि मग परवा त्या इगामीचं लहानपण दाखवलं. त्याचं गाव त्याच पाण्याखाली होतं. त्याची आई घर सोडून निघालीच नव्हती. वर धरण बांधणाऱ्यांची नावं दगडात कोरलेली, आणि तिचं नाव कुठंच नाही. साधनाच्या हातातली वात तशीच राहिली. तिच्या माहेरची जुनी जमीन सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात गेलेली. आजी कधी तिकडून जायची तेव्हा पाण्याकडे तोंड करून उभी राहायची आणि कुणाशी बोलायची नाही.

"तो चुकतोयच," साधना त्या दिवशी म्हणाली होती, "पण खोटा न्हाई."

सपना म्हणाली होती की हारूला मात्र कुणी विचारतच नाही, तू चांगला काहून वागतो. त्याला गुरूनं सांगितलं म्हणून तो वागतो, आणि लोक वाहवा करतात तेही त्याला आवडतं. कारण द्यावं लागतं ते फक्त वाईटाला. बोलणं पोरीनं सहज केलं, पण साधनाला ते रुतून बसलं. रोजची तुळस, एकभुक्त, शुक्रवारची कहाणी, आणि त्यावर गावातल्या बायांचं ते म्हणणं, की साधनाबाईसारखी नेमाची बाई न्हाई. तेही तिला आवडत होतंच की.

अक्षता झाल्या. आता कहाणी. ही कहाणी पुस्तकातली नव्हे, सासूनं तोंडी दिलेली. ऐकणारी बाई सकाळपासून उपाशी हवी, तिच्या मुठीत अक्षता हव्यात, आणि वाक्यावाक्याला तिनं हुंकार द्यायला हवा. हुंकार चुकला की कहाणी तुटली, पुन्हा पहिल्यापासून. कहाणी पुरी झाल्याशिवाय सांगणारीच्या तोंडात घास नाही.

सपना मुठीत अक्षता घेऊन बसली आणि साधनानं सुरू केलं. दोन जावा होत्या, धाकटीनं कलश मांडला. हुं. थोरलीची बुद्धी फिरली, तिनं कलश पालथा केला.

"काहून?" सपना म्हणाली.

"हुंकार दे, पोरी."

"पण काहून केला पालथा? कलशानं तिचं काय बिघडवलं व्हतं?"

साधनानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा थोरली आली आणि पुन्हा सपनाच्या तोंडून तेच. पोरगी थट्टा करत नव्हती, तिला खरंच पुढं जाता येत नव्हतं. तेवढ्यात भागवत, साधनाचा नवरा, मोटारसायकल सुरू करून फाटकात आला. वसमतची गाडी चुकली तर नांदेडला पोचायला अंधार पडेल म्हणाला. सपनानं अक्षता ताटात ठेवल्या, आईच्या पाया पडली आणि गेली.

मग साधनाला घर पुरेना. तिनं तुळशीपुढं बसून पाहिलं. तुळस हुंकार देत नाही. शेजारच्या मिराबाईकडे गेली, तर त्या जेवून हात पदराला पुसत होत्या. समोरच्या घरी तेच, पलीकडे तेच. सपनाला फोन लावला. ती वसमतच्या स्टँडवर वडापाव खाऊन बसलेली. पोरीला गाडीत बसवून आलेला भागवत जेवून आडवा होता. म्हणाला, खिचडी खाऊन घे, देवाला कळतं सगळं. साधना परसात गेली, आत आली, परत गेली. भूक लागली होती असं नाही. कहाणी अर्धी राहिली होती.

परसात भिंत होती. भिंतीपलीकडे पार्वतीबाई, तिची थोरली जाऊ.

सपनाच्या वेळी साधनाला दिवस गेले होते, तेव्हा सासूनं नवरात्रात अखंड दिवा लावला होता, पोटातल्या जिवासाठी. एका दुपारी दिव्यापाशी पार्वतीबाई बसल्या होत्या. साधना पाणी घ्यायला आत आली आणि तिनं डोळ्यांनी पाहिलं. वारा नव्हता, तेल भरलेलं होतं. पार्वतीबाईंनी दोन बोटांनी वात चिमटून विझवली. साधना ओरडली, घर गोळा झालं. पुढं वाटणी झाली, भिंत आली. हळदीकुंकवाला, ओटीला त्यांना कुणी बोलावेना. काहून केलं, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

पण श्रावणातल्या शुक्रवारी भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी दिवे लागेपर्यंत होत नाही, हे साधनाला इतकी वर्षं माहीत होतं. नेमधर्म सगळा सोडलेली बाई, शुक्रवारी उपाशी का राहते, हेही तिनं कधी विचारलं नव्हतं.

ताट उचलून ती भिंतीला वळसा घालून गेली. पार्वतीबाई ओसरीत सुपात मुगाच्या शेंगा सोलत होत्या. साधनाला पाहून हात थांबले.

"अक्का, तुमी जेवल्या?"

"न्हाई."

"कहाणी ऐकायला बाई मिळंना."

पार्वतीबाईंनी तिच्याकडे बघितलं. "गावातल्या सगळ्या जेवल्या म्हण की. तवा माझी याद आली."

साधना ताट ओसरीवर ठेवून खाली बसली. पार्वतीबाईंनी सूप बाजूला सारलं, हात धुतले आणि मूठ पुढं केली. साधनानं त्यात अक्षता ठेवल्या आणि सुरू केलं. दोन जावा होत्या. हुं. धाकटीनं कलश मांडला. हुं. हुंकार कसा बराबर येत होता, सासूकडून घेतलेला, जुना. साधना कहाणीतल्या थोरलीपाशी आली, आणि तिथंच थांबली. थोरलीची बुद्धी फिरली, एवढंच तर म्हणायचं होतं.

पार्वतीबाई म्हणाल्या, "म्हण की. मला ठाऊक हाय पुढचं."

"अक्का, काहून इझवला व्हता दिवा?"

ओसरीवर चिमण्या मुगाच्या टरफलांत नाचत होत्या. पार्वतीबाईंनी मूठ उघडली, अक्षता ताटात ठेवल्या. आता त्या सांगणार, म्हणजे अक्षता ऐकणारीच्या मुठीत हव्यात. साधनाला ते उशिरा कळलं. तिनं त्या अक्षता उचलून आपल्या मुठीत घेतल्या.

"तुझं लगीन व्हायच्या आधीची गोष्ट," पार्वतीबाई म्हणाल्या. "माझ्या लेकरासाठी बी दिवा लावला व्हता. तीच समई. नऊ दिवस मी डोळ्याला डोळा लावला न्हाई, तेल कमी पडू दिलं न्हाई. दिवाळीत पोरगं झालं. बारशाच्या आधी गेलं. सासूबाई म्हणल्या, दिव्यात तुझीच काही कसूर झाली असंल."

त्या थांबल्या. हुंकार आला नव्हता.

"हुं," साधना म्हणाली.

"मंग तुझ्यासाठी दिवा लागला. मला पाह्यचं व्हतं, इझला तर काय व्हतं. सपना झाली. धडधाकट झाली. त्या दिवशी मला कळलं, माझ्या दिव्यात कसूर नव्हती."

साधनाच्या मनात आलं, हिनं माझ्या पोटातल्या पोरीवर परीक्षा घेतली. पोरीचं काही झालं असतं तर? तिला उठून जावंसं वाटलं, आणि तिला त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं. दोन्हीतलं काही झालं नाही. पार्वतीबाई तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. माफी मागत नव्हत्या, नुसत्या पुढच्या हुंकारासाठी थांबल्या होत्या.

"हुं."

"झालं. एवढंच हाय."

साधनाची कहाणी अजून अर्ध्यात होती. ती पुरी करता येईल का, आणि थोरलीपाशी आल्यावर काय म्हणायचं, तिला कळत नव्हतं.

"अक्का, त्याचं नाव काय ठेवायचं व्हतं?"

पार्वतीबाईंनी सूप परत पुढं ओढलं. एक शेंग सोलली, दुसरी सोलली.

"गोपीचंद," त्या म्हणाल्या. "विचारलं नव्हतं कुणी."

साधना ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली. सकाळी भावकीतलं एकही लेकरू आपण सोडलं नाही असं तिला वाटत होतं. तिनं ते नाव ओठांत घेतलं. पूर्वेला हळदीची रानं, दक्षिणेला वसमतचा रस्ता. हातात अक्षता घेऊन ती या अंगाला वळली, त्या अंगाला वळली. कोणत्या दिशेला टाकाव्यात, ते तिला कळेना, आणि मूठ तशीच मिटलेली राहिली.